शेवट वरच्या वाडीत मिळेल

वेळवली, ता. श्रीवर्धन
३ मार्च २०२५

प्रिय क्रांती,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. दहावीनंतर आपण बोललो ते फक्त लग्नकार्यात, तेही उभ्या उभ्या. पण काम वाचनालयाचं आहे आणि ते तुझ्याशिवाय होणारं नाही.

मे महिन्याची पुस्तकांची पेटी तुला आठवत असेलच. अजून चालू आहे. अक्षय्य तृतीयेला नवी पुस्तकं काढायची, निम्मी इतिहासाची, निम्मी विज्ञानकथांची. ज्यांनी वाचनालय काढलं त्यांचं म्हणणं होतं की आजचं जग घरोघरी आहेच, सुट्टीत मुलांनी मागे तरी जावं नाहीतर पुढे तरी. इतिहासाची पुस्तकं दादा निवडतात; निवृत्त झाले तरी वडिलांमधला इतिहासाचा मास्तर निवृत्त झालेला नाही. विज्ञानकथा गेली काही वर्षं श्रीवर्धनचा दुकानदार देईल त्या घेत होतो आणि त्यात भुतांच्या गोष्टी निघायच्या. तेव्हा या वर्षी समितीत मी तुझं नाव सुचवलं. खारघरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी आपल्या गावची बाई असताना दुकानदाराच्या पाया कशाला पडायचं?

दादा अध्यक्ष आहेत, अजूनही. ते म्हणाले, कोण क्रांती, वरच्या वाडीतली बाबाजीची? निवडू दे की, आपल्याला काय, पहिला मान आपल्याच घरी आहे. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे.

फोन करू नकोस. या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांचं होतं. टपाल मात्र माझ्याच हातात येतं.

तुझी,
मैथिली


खारघर
१२ मार्च २०२५

प्रिय मैथिली,

पत्र मिळालं. होकार कळवते आहे. आता तो मी का देते आहे तेही ऐक, म्हणजे पुढे मला बोल लावायला नको.

शिमग्यात पालखी आधी मानकऱ्याच्या अंगणात थांबते, तसं आपल्या गावात नवं पुस्तकसुद्धा आधी तुमच्या घरी जातं. जगात कुठे पुस्तकाला मानकरी असतो का ते मला माहीत नाही. तुमच्याकडून बागवाल्यांच्या आळीत, तिथून देवळाशेजारी, आणि वरच्या वाडीत आमच्याकडे यायचं तेव्हा शाळा सुरू व्हायला आलेली असायची. तरी मी वाट बघायची. आठवीच्या सुट्टीत एका चंद्रावरच्या मोहिमेच्या पुस्तकासाठी मी अख्खा मे महिना थांबले. आईबरोबर शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना त्यात काय असेल याच्या गोष्टी मीच रचत होते. शेवटी एकदाचं पुस्तक हातात आलं. मी वाचनालयाच्या पायरीवर होते आणि तुझे दादा समोर तुमच्या ओटीवर चार पाहुण्यांबरोबर बसले होते. त्यांनी मला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ते यान शेवटी परत येत नाही. आता वाच सावकाश. शेवट माहीत असला म्हणजे तुझ्यासारखीला मधलं कळायला सोपं जातं."

पाहुणे हसले. तूही तिथे होतीस, पण तू हसली नव्हतीस, ते मला आठवतं. मी पुस्तक तसंच परत ठेवलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं की पोट दुखतंय. ते पुस्तक मी आजतागायत वाचलेलं नाही. पुढे एम.एस्सी.ला पहिली आले तेव्हा पहिला विचार कुणाचा आला असेल तर तुझ्या दादांचा. माणसाला राग धरून शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं.

तर पुस्तकं मी निवडते. दहांपैकी नऊ सरळ येतील. दहावं आहे 'मंगळावरची खाडी', नवीन कादंबरी आहे, सुरू केली की जेवण सुचत नाही. त्याच्या शेवटच्या प्रकरणाची पानं मी बाइंडरकडून सोडवून घेणार आहे आणि त्या जागी एक चिठ्ठी लावणार आहे: 'शेवट वरच्या वाडीत, बाबाजींच्या घरी मिळेल.' वाडीसाठी मी स्वतः वेगळ्या प्रती घेतल्या आहेत, पूर्ण. म्हणजे या वर्षी वाडी आधी वाचेल आणि तुझे दादा शेवटासाठी चढण चढून येतील. ओटीवर बसतील. मग सगळ्यांच्या देखत मी त्यांना शेवट सांगेन आणि मगच पानं देईन.

तुला हे चालणार नसेल तर आत्ताच सांग. ते तुझे वडील आहेत.

क्रांती


वेळवली
२१ मार्च २०२५

प्रिय क्रांती,

चालेल.

मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. चिठ्ठी मी बघितलीच नाही असं दाखवीन. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायचं काम माझंच आहे, त्यामुळे आधी कोणी उघडून बघणार नाही.

इकडे इतिहासाची निवड जोरात चालू आहे. दादांची पद्धत तुला माहीत नसेल. पुस्तक आलं की आधी शेवटची नावांची सूची. तिथे आमचं आडनाव सापडलं तर पुस्तक प्रमाण. नाही सापडलं तर लेखकाचा अभ्यास अपुरा. काल एक जाडजूड ग्रंथ, जंजिऱ्यापासून बाणकोटपर्यंतच्या सगळ्या बंदरांचा, याच कारणासाठी परत गेला. दुसऱ्या एका पुस्तकात आमच्या कुणा पूर्वजाने कुठल्याशा सरदाराला नारळ दिल्याचा उल्लेख आहे, एका ओळीचा. त्याच्या दोन प्रती घ्यायच्या म्हणाले. विज्ञानकथांना ते पोरखेळ म्हणतात, पण पहिला मान कधी सोडलेला नाही. पुस्तक संपलं की संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून शेवट सांगणार. सगळ्या गावाला सवय झाली आहे. मे महिन्यात लोक त्यांना लांबून येताना बघून कानावर हात ठेवतात आणि त्यांना वाटतं लोक नमस्कार करतायत.

एकच मागणं आहे. मनात आणलं आहेस तर पुरं कर. इथे येऊन त्यांच्या वयाकडे बघून विरघळू नकोस.

मैथिली


वेळवली
६ मे २०२५

प्रिय क्रांती,

पेटी वेळेवर आली. अक्षय्य तृतीयेला वाचनालयात नारळ फुटला, आंब्याची डाळ वाटली आणि दहाही पुस्तकं रीतीप्रमाणे आमच्या घरी आली.

इतिहास बाजूला पडला. दादांनी 'मंगळावरची खाडी' जी धरली ती सोडली नाही. दुपारची झोप गेली. मंगळावरच्या त्या कोरड्या खाडीत पाणी आणायला निघालेली रेवती इंजिनिअर, तिचं काय होणार याची चर्चा जेवताना, आंघोळीला जाताना, आमचा गडी मोरू नारळ उतरवत असेल तर झाडाखाली उभं राहून त्याच्याशीसुद्धा. रेवती बंद दरवाज्यापाशी पोचली आणि तिथे चिठ्ठी आली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. दादांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, ही पुस्तकाची विटंबना आहे.

दुसऱ्या दिवशी मोरूला वर पाठवलं. तुझ्या बाबांनी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला तो मोरूने जसाच्या तसा आणला: "शेवट हाय आमच्याकडं. पण तो हितं बसून वाचायचा. जसा तुमच्याकडं मान हाय तसा ह्यो आमच्याकडचा मान हाय." दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोरूची पाठ वळल्यावर त्यांनी ताट सारलं. त्यानंतर श्रीवर्धनला, म्हसळ्याला, माणगावला दुकानांत फोन लावायला सांगितलं. मी लावले आणि पुस्तक शिल्लक नाही असं सांगितलं. एका दुकानात होतं.

आज सकाळी म्हणाले, रविवारी रिक्षा सांग. अकरा तारखेला सकाळी येतील. मी येणार नाही, मोरू सोबत असेल. तू मात्र ये.

मैथिली


खारघर
१२ मे २०२५

प्रिय मैथिली,

कालच रात्री परत आले. आधी तुझ्याशी भांडते, मग बाकीचं.

दादांना दिसत नाही. हे तू मला का सांगितलं नाहीस?

ते आले तेव्हा आमची ओटी भरलेली होती. बाबा, माझा भाऊ रितेश, प्रणालीवहिनी, मनुबाई, कोंडाजीकाका, सगळी वाडी. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं. तुझे दादा एका हातात काठी, दुसरा मोरूच्या खांद्यावर, असे पायऱ्या चढले, मला वाटलं वय आणि चढण. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मी पानं त्यांच्या हातात दिली आणि माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, जे मी आठवीपासून घोटत आले आहे. त्यांनी पानं डोळ्यांसमोर धरली. उलटी धरली. चष्मा नाकावरच होता. मग पानं माझ्याकडे करून म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तूच वाच." बाकीच्यांना वाटलं जुना मास्तर, दुसऱ्याला वाचायला लावायची खोड. मला कळलं.

तू मला विरघळू नकोस म्हणाली होतीस. मी विरघळले नाही, उलट त्या क्षणी माझा राग चांगलाच भडकला. वाटलं, याला खरा शेवट सांगून काय होणार? हा तो घेऊन जाईल आणि पारावर बसून वाटत सुटेल. म्हणून मी पानं हातात धरली आणि तोंडाला येईल ते वाचत गेले. रेवती दरवाजा उघडतच नाही. यानात बसून सगळ्यांना घेऊन पृथ्वीवर परत येते. यान उतरतं ते कुठे, तर हरिहरेश्वरच्या दक्षिणेला, सुरूच्या बनापलीकडे. रेवती बाहेर येते आणि विचारते, इथला मानकरी कोण? गर्दी बाजूला होते. हातात काठी घेतलेले एक वयोवृद्ध इतिहासाचे शिक्षक पुढे येतात. मंगळावरचं पहिलं मूठभर पाणी ती त्यांच्या ओंजळीत घालते.

मला वाटलं होतं, काठी आली की ते उठतील आणि माझ्या थोबाडीत देतील. पण मैथिली, ते रडले. म्हणाले, "लेखकाने आपल्या किनाऱ्याचा अभ्यास केलेला दिसतो." वहिनी तोंडात पदर कोंबून आत पळाली. कोंडाजीकाका खोकत सुटले. तुझ्या दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चांगलं वाचतेस हो, उच्चार सुधारलेत. रिक्षा वळणाआड गेली आणि आमची ओटी जी हसली ती जेवणं होईपर्यंत हसत होती. मीही हसले. कधी नव्हे ते पोटभर हसले.

जाताना मोरूशी ते बोलत होते की वाचनालयाच्या मेळाव्यात यंदा याच पुस्तकावर बोलायचं. तो अठराला ना? तेवढं सांभाळ. तू खरं काय ते त्यांना घरात सांगशीलच.

क्रांती


वेळवली
१४ मे २०२५

प्रिय क्रांती,

सांगितलं असतं तर तू दया केली असतीस. तुझी दया मला नको होती, तुझा राग हवा होता.

त्यांची नजर दिवाळीतच गेली. काचबिंदू होता, औषध घालायला विसरायचे आणि विसरलो म्हणायचे नाहीत. गावात कळू द्यायचं नाही अशी ताकीद आहे. घर पायाखालचं असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. मोरूच्या तोंडाला कुलूप आहे. मी तुला फोन नको म्हणाले तेही यासाठीच, डोळे गेले तसे कान तिखट झालेत आणि माझा फोन त्यांच्या उशाशी असतो. पुस्तकं मी वाचून दाखवते. शाळेतून आले की चहाआधी एक प्रकरण, जेवणानंतर एक. एखादा शब्द अडला की चुकीच्या उच्चाराबद्दल बोलणी खाते, मी स्वतः मराठी शिकवते तरी.

तुझा शेवट त्यांनी आठवीत सांगितला. माझा बारावीत सांगितला, त्याच ओटीवर. पुण्याच्या मावशीने मला शिकायला पाठवा म्हणून बोलणं काढलं होतं. पाहुणे बसले होते. दादा म्हणाले, "मैथिली कुठे जायची नाही. ती इथेच राहील, माझं करील." मला विचारलंही नाही. आई होती तोवर वाटायचं काहीतरी होईल. आई गेल्यावर तेही वाटायचं थांबलं. मी कुठे गेले नाही, इथेच राहिले, त्यांचं करते आहे. अक्षरशः खरं ठरलं.

पुस्तकाचा खरा शेवट मला माहीत आहे. प्रणालीकडून प्रत आणून मी वाचला. रेवती दरवाजा उघडते, खाडीत पाणी येतं, आणि ती आतच राहते. मी शाळेतल्या रिकाम्या वर्गात बसून रडले. घरी आले तर दादा मला हरिहरेश्वरला उतरलेलं यान सांगायला लागले. रोज सांगतात. रोज त्यात भर पडते. काल त्या शिक्षकाच्या डोक्यावर पागोटं आलं. मी म्हणते, हो का.

मेळाव्याला तालुक्याचे शिक्षक यायचे आहेत. भाषण तयार आहे. मी काही सांभाळणार नाही.

मैथिली


खारघर
१६ मे २०२५

मैथिली,

हे पत्र रितेशच्या हाती देते आहे. तो आज तळोज्याहून कंपनी सुटली की गावी निघतोय, उद्या तुझ्या हातात देईल. तुझा फोन दादांनी उचलला आणि मी काही न बोलता ठेवला.

त्यांना सांग. मेळाव्याच्या आधी सांग. आमच्या ओटीवर हसलो ते आमचं आमच्यात होतं, माझं देणंघेणं तिथे फिटलं. सगळ्या तालुक्यापुढे, मुलांपुढे, न दिसणाऱ्या माणसाला असं उभं करायचं माझ्या मनात नव्हतं. तुला वाटेल सुंभ जळला आणि पीळही गेला. तसं समज हवं तर. आणि सगळं खापर माझ्यावर फोड. सांग की क्रांतीने तुम्हाला फसवलं, ती आधीपासूनच तसली.

तुझं दुःख मला कळलं नाही असं नाही. पण तू त्यांच्याबरोबर एका घरात राहतेस. मी पत्र टाकून मोकळी होते, तुला रोज त्यांना ताट वाढायचं आहे.

क्रांती


वेळवली
१९ मे २०२५

प्रिय क्रांती,

पत्र शनिवारी मिळालं. वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

मेळावा मोठा झाला. शाळेचं सभागृह भरलं होतं. वाडीची माणसं मागच्या बाजूला होती, पण या वेळी खुर्च्यांवर. आधी इतिहासाच्या पुस्तकांवर दोघं बोलले. मग दादा. मी त्यांना व्यासपीठावर पोचवलं, माइकवर हात ठेवून दिला आणि दुसऱ्या रांगेत येऊन बसले. कुणाला काही दिसलं नाही. दादा आवाज लावून बोलतात, तुला माहीत आहे. रेवतीची गोष्ट त्यांनी फार छान सांगितली, खोटं कशाला बोलू. दरवाज्यापर्यंत सगळं सभागृह गप्प होतं. मग यान आपल्या किनाऱ्यावर उतरलं.

मागे कुजबूज सुरू झाली. मानकरी आला तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. दादांना वाटलं लोक खूश झाले. त्यांनी पागोटं घातलं, काठी दिली, ओंजळ पुढे केली. म्हणाले, विज्ञानकथेतसुद्धा शेवटी इतिहासालाच वंदन करावं लागतं, हे या लेखकाने ओळखलं. तेव्हा प्रणाली उभी राहिली. आगाऊपणाने नाही, अगदी नमस्कार करून. म्हणाली, "दादा, पुस्तकात असं न्हाय. रेवती परत येतच न्हाय. आम्ही समद्यांनी वाचलंय."

दादा म्हणाले, "मला क्रांतीने वाचून दाखवलं. पानं तिच्या हातात होती." आणि बोलता बोलता थांबले. त्यांना कळलं ते सगळ्यांना दिसलं. मग सभागृह हसलं. मुलं, बागवाल्यांच्या आळीतली माणसं, तालुक्याचे शिक्षक. मे महिन्यात कानावर हात ठेवणारे सगळे. इतकी वर्षं साठलेलं हसले.

दादांनी माइक सोडला आणि बसायला मागे हात नेला. खुर्ची डावीकडे होती. त्यांचा हात हवेत फिरत राहिला. तेव्हा हसणं हळूहळू थांबलं, कारण लोकांना आता दुसरंच काहीतरी कळलं होतं. मी दुसऱ्या रांगेत होते. चार पावलांवर. मी उठले नाही, क्रांती. तुझे बाबा मागून चालत आले, त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि दादांचा दंड धरून त्यांना बसवलं. "बसा दादा, व्हतंय असं," एवढंच म्हणाले.

रिक्षाने घरी आलो. अंगणात पाय धुताना त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"आधीपासून?"

त्यालाही हो म्हटलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि मला ते हवं होतं. त्याऐवजी हळू आवाजात म्हणाले, मग खरा शेवट काय आहे ते तरी सांग. रेवती का परत येत नाही?

मी म्हटलं, पाय पुसा, जेवायला वाढते.

रात्री पुन्हा विचारलं. आज सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मघाशी वाचनालयात निघताना माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून विचारलं, आणि या वेळी आधी 'बाळ' म्हणाले. प्रणालीने सुटलेली पानं पुन्हा शिवून दिलीत, पुस्तक माझ्या कपाटात आहे. मोरूला वाचता येत नाही. दुसरं कोणी घरी येईल अशी आता आशा नाही, आणि कुणाला बोलवायची त्यांना लाज वाटते.

तू म्हणालीस, रोज ताट वाढायचं आहे. वाढते. वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड, काही कमी करत नाही.

पुढच्या सुट्टीची पुस्तकं आत्तापासून बघायला लाग. या वेळी इतिहास आणि विज्ञान दोन्ही तूच निवड. जाड निवड, एकदा धरली की सुटणार नाहीत अशी. आणि सगळ्यांचे शेवट काढून माझ्याकडे पाठव.

तुझी,
मैथिली